अनुभवाचा रकाना

नर्सिंगची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मी जो पहिला अर्ज भरला, त्यात नाव, शिक्षण, गुण आणि नोंदणी क्रमांक हे रकाने पाच मिनिटांत भरून झाले. ‘अनुभव’ या रकान्यापाशी मात्र पेन थांबले. बराच वेळ विचार करून मी तिथे एक आडवी रेघ मारली आणि अर्ज देऊन टाकला. पुढच्या दहा अर्जांतही मी तीच रेघ मारली. त्या अकरा अर्जांपैकी सात ठिकाणांहून काहीच उत्तर आले नाही, तीन ठिकाणांहून ‘किमान दोन वर्षांचा अनुभव आवश्यक’ असे कळवण्यात आले आणि एका ठिकाणाहून मुलाखतीचे बोलावणे आले. ती मुलाखत मी कशी गमावली हे पुढे सांगणार आहे, कारण त्या अर्ध्या तासात मला जे कळले ते आधीच्या चार महिन्यांच्या धडपडीत कळले नव्हते.

आता मी मेडिसिन वॉर्डात ज्येष्ठ परिचारिका म्हणून काम करते. नव्याने रुजू झालेल्या मुली आणि मुले पहिले काही आठवडे माझ्याबरोबर ड्यूटी करतात आणि अधूनमधून मुलाखतीच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसण्याची जबाबदारीही माझ्याकडे येते. शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थिनी मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. “ताई, अनुभवाशिवाय नोकरी नाही आणि नोकरीशिवाय अनुभव नाही, मग सुरुवात करायची तरी कुठून?” या प्रश्नाचे उत्तर चालता चालता दोन वाक्यांत देणे मला कधीच जमले नाही, म्हणून ते सविस्तर लिहीत आहे.

आधी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण ती न समजल्यामुळे नवीन परिचारिका विनाकारण स्वतःला कमी लेखू लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२३ साली जगभरात सुमारे २ कोटी ९८ लाख परिचारिका होत्या आणि तरीही सुमारे ५८ लाख परिचारिकांची कमतरता होती. इतकी कमतरता असताना नुकत्याच उत्तीर्ण झालेल्या परिचारिकेला काम मिळू नये, हे वरवर पाहता पटत नाही. परंतु वॉर्डात काही वर्षे काढली की त्याचे कारण स्पष्ट दिसते. नवीन परिचारिकेला तयार करण्यासाठी एका अनुभवी परिचारिकेचा वेळ लागतो. ज्या वॉर्डात आधीच माणसे अपुरी आहेत, तिथे तो वेळ काढणार कोण? म्हणून मग जाहिरातीत ‘दोन वर्षांचा अनुभव’ हे शब्द येतात. त्या शब्दांचा खरा अर्थ बहुतेक वेळा ‘आमच्याकडे शिकवायला कुणी मोकळे नाही’ असा असतो. ही त्या वॉर्डाच्या परिस्थितीविषयीची माहिती आहे आणि ती वाचून स्वतःच्या योग्यतेविषयी कोणताही निष्कर्ष काढू नये.

दुसरी गोष्ट त्या आडव्या रेघेविषयी. ती रेघ नम्रतेपोटी मारली जाते, हे मला मान्य आहे, पण ती खरी नसते. युरोपीय संघाच्या २००५ च्या नियमांनुसार सामान्य परिचर्येच्या शिक्षणाला किमान ४,६०० तास द्यावे लागतात आणि त्यातला निम्मा तरी काळ प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या प्रशिक्षणात जावा लागतो. म्हणजे किमान २,३०० तास झाले. आठवड्याला चाळीस तास धरले, तर हे वर्षभराहून अधिक काम होते. देशोदेशींचे आकडे वेगवेगळे असतील, पण वॉर्डात पाऊल न टाकता कुणीही परिचारिका होत नाही. पहाटे उठून ज्या वॉर्डात आपण पोस्टिंगसाठी गेलो, ज्यांचे अंग पुसले, ज्यांचे रक्तदाब मोजले, ज्यांच्या सलाईनकडे रात्रभर लक्ष ठेवले, त्या रुग्णांसाठी आपण काम केलेले असते. ते विद्यार्थी असताना केले म्हणून त्याच्यावर रेघ मारण्याचे कारण नाही. मात्र ते कागदावर नेमके मांडावे लागते आणि इथेच बहुतेकांचे अर्ज फसतात.

मुलाखतीच्या आधी माझ्यासमोर बायोडेटांचा गठ्ठा येतो, तेव्हा त्यातल्या बहुतेकांत ‘मेहनती, प्रामाणिक, मिळून मिसळून काम करण्याची आवड’ अशी वाक्ये असतात. ती खोटी असतात असे मी म्हणणार नाही, पण त्यांवरून एक माणूस दुसऱ्या माणसापासून वेगळा ओळखता येत नाही. मागच्या खेपेला एका मुलीने लिहिले होते: ‘पुरुष सर्जिकल वॉर्ड, ३० खाटा, आठ आठवडे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या चोवीस तासांतील रुग्णांच्या नोंदी, जखमेचे ड्रेसिंग, ड्रेनमधील स्रावाचे मोजमाप.’ त्याच्या खाली तिने तीन रकाने आखले होते. पहिल्यात स्वतःच्या हाताने, स्वतंत्रपणे केलेली कामे होती. दुसऱ्यात कुणाच्या तरी देखरेखीखाली केलेली होती. तिसऱ्या रकान्यात फक्त पाहिलेली कामे होती आणि तिथे तिने रक्त चढवणे, सेंट्रल लाइनची (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीची) निगा आणि ट्रॅकिओस्टॉमीचे (श्वासासाठी गळ्यात केलेल्या छिद्राचे) सक्शन असे स्पष्ट लिहिले होते. प्रत्येक कामापुढे अंदाजे किती वेळा, हेही होते. तिला आम्ही निवडले. गुणांनी तिच्यापेक्षा पुढे असलेले दोघेजण त्या दिवशी बाहेर बसले होते.

तो तिसरा रकाना मुलींना घाबरवतो. आपल्याला काय येत नाही हे आपणहून कशाला सांगायचे, असे त्यांना वाटते. माझे मत याच्या अगदी उलट आहे. तिसरा रकाना असतो म्हणूनच पहिल्या दोन रकान्यांवर विश्वास बसतो. हे मी पुस्तकातून शिकले नाही. माझ्या त्या पहिल्या मुलाखतीतून शिकले.

टेबलापलीकडे तिघीजणी होत्या. त्यांतल्या सर्वांत वयस्कर मॅडमनी विचारले, “राइल्स ट्यूब टाकली आहेस का?” नाकातून जठरात घालायची ही नळी मी दोनदा टाकताना पाहिली होती आणि एकदा ट्रे धरून शेजारी उभी राहिले होते. मी म्हटले, “हो मॅडम, टाकली आहे.” त्यांनी नळीची लांबी कशी मोजायची ते विचारले. नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत, हे मला पाठ होते आणि मी ते न अडखळता सांगितले. नळी जठरातच गेली आहे हे कसे ठरवणार, असा पुढचा प्रश्न आला. सिरिंजने हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोप ठेवून आवाज ऐकेन, असे मी म्हटले. त्या शांतपणे म्हणाल्या, “नळी फुप्फुसात गेली असली तरी आवाज येऊ शकतो. ब्रिटनच्या रुग्णसुरक्षा संस्थेने २००५ सालीच या पद्धतीवर विसंबू नका म्हणून सांगितलं आहे. नळीतून आलेल्या द्रवाचा पीएच तपासायचा, तो साडेपाच किंवा त्याहून कमी हवा. खात्री नसेल तर एक्स-रे.” आणि मग त्यांनी विचारले, “समज, सिरिंज ओढली आणि काहीच आलं नाही, तर काय करतेस?”

मला उत्तर देता आले नाही. आज ते उत्तर मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल: रुग्णाला डाव्या कुशीवर वळवायचे, थोडा वेळ थांबायचे, पुन्हा ओढून पाहायचे, आणि नळीची जागा निश्चित होईपर्यंत तिच्यातून पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. ज्याने चार-सहा वेळा ती नळी टाकली आहे त्याच्या हाताला हा प्रसंग कधी ना कधी आलेलाच असतो, त्यामुळे माझ्या गप्प बसण्यावरून मॅडमना सगळे कळले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी फाइल मिटली आणि म्हणाल्या, “टाकली नसेल तर तसं सांगायचं. जिला येत नाही तिला मी शिकवू शकते. पण येतं म्हणणारीला मी रात्री दोन वाजता वॉर्डात एकटी सोडणार, आणि तेव्हा समोरच्या खाटेवर कुणीतरी असणार.”

ती नोकरी मला मिळाली नाही आणि मिळू नये हेच योग्य होते. त्या रात्री घरी येऊन मी माझे प्रोसिजर बुक, म्हणजे शिकताना केलेल्या कामांची नोंदवही, उघडले, एक कोरा कागद घेतला आणि तीन रकाने आखले. पहिल्या रकान्यात अपेक्षेपेक्षा बरेच काही निघाले. तिसराही मोठा होता. दोन्हींना मी त्या दिवशी पहिल्यांदा स्पष्टपणे पाहिले.

टेबलाच्या या बाजूला बसू लागल्यापासून मला असे दिसते की नवीन उमेदवाराकडून कुणीही सर्वज्ञतेची अपेक्षा करत नाही. कुणाला आधी पाहावे हे कळते का आणि मदत कधी मागावी हे कळते का, एवढेच प्रामुख्याने पाहिले जाते. त्यासाठी प्रसंग दिला जातो. उदाहरणार्थ, ड्यूटीवर नुकत्याच आलेल्या परिचारिकेसमोर एकाच वेळी चार गोष्टी आहेत. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशीचा रुग्ण वेदनाशामक मागतो आहे, डिस्चार्ज झालेल्या रुग्णाचे नातेवाईक कागदांसाठी खोळंबले आहेत, एका सलाईनचा पंप वाजतो आहे, आणि सकाळपर्यंत शांत असलेले एक आजोबा अचानक अस्वस्थ होऊन ऑक्सिजनचा मास्क ओढून काढत आहेत. आधी कुठे जाणार? बरेच जण वेदनेकडे वळतात, कारण तिथे माणूस स्पष्ट शब्दांत हाक मारतो आहे. पण आजोबांचे अचानक बिघडलेले वागणे हे शरीराला ऑक्सिजन कमी पडत असल्याचे लक्षण असू शकते आणि श्वासाची शंका असेल तर पाय आधी तिकडेच वळले पाहिजेत. उत्तर देताना ‘जाताना शेजारच्या सिस्टरना पंप पाहायला सांगेन आणि वेदनेच्या रुग्णाला मी येते आहे असे सांगून जाईन’ हे जी मुलगी आपणहून म्हणते, तिने वॉर्ड डोळे उघडे ठेवून पाहिला आहे असे मी समजते.

डॉक्टरांना फोनवर काय सांगणार, हा प्रश्नही हमखास येतो. त्यासाठी ‘एसबार’ ही पद्धत जवळपास सगळीकडे शिकवली जाते. ती मुळात अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांमध्ये वापरली जात असे आणि तिथून कैसर परमानंटे या आरोग्यसंस्थेमार्फत रुग्णालयांत आली. आत्ता काय घडते आहे, रुग्णाची पार्श्वभूमी काय, मला काय वाटते आणि तुमच्याकडून मला काय हवे आहे, हा तिचा क्रम. नवीन परिचारिका पहिले दोन भाग चांगले सांगतात आणि तिसऱ्यापाशी अडखळतात. ‘मला काय वाटते’ हे डॉक्टरांना सांगण्याचा आपल्याला अधिकार आहे का, अशी शंका त्यांच्या आवाजात ऐकू येते. तो अधिकार आहे, आणि ती जबाबदारीही आहे. मुलाखतीच्या आधी हे चार भाग मोठ्याने बोलून पाहावेत. मनात म्हटलेले वाक्य आणि तोंडातून आलेले वाक्य यांत किती अंतर असते ते आरशासमोर उभे राहिल्यावर कळते.

माझी दुसरी मुलाखत एका लहान रुग्णालयात झाली. तिथल्या मेट्रन मॅडमनी, म्हणजे मुख्य परिचारिकांनी, मला दोन कागद दिले. पहिल्यावर साधे गणित होते: ५०० मिलिलिटर सलाईन चार तासांत द्यायचे आहे, संचातून एका मिलिलिटरला २० थेंब पडतात, तर मिनिटाला किती थेंब ठेवाल? पाचशे गुणिले वीस म्हणजे दहा हजार थेंब, चार तास म्हणजे २४० मिनिटे, भागाकार सुमारे ४२. हे आले. दुसरा कागद म्हणजे औषधांच्या चार्टची प्रत होती आणि त्यातल्या इन्सुलिनच्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारले, “किती देशील?”

मी कागद जवळ घेतला. दहाच्या आकड्याला अगदी चिकटून युनिट या शब्दाचे इंग्रजी आद्याक्षर लिहिले होते आणि त्या अक्षराचे वरचे तोंड लिहिताना जवळजवळ मिटले गेले होते. घाईत वाचले असते तर ते शंभर दिसले असते. दहाच असावे असे मला ऐंशी टक्के वाटत होते. गणित तर मी बरोबर सोडवले होते, आता इथे अडले तर काय म्हणतील, असेही मनात आले. त्याच क्षणी आधीच्या मॅडमची मिटलेली फाइल आठवली. मी म्हटले, “मॅडम, हे दहा आहे की शंभर, मला खात्री नाही. मी देणार नाही. डॉक्टरांना विचारून पुन्हा स्पष्ट लिहून घेईन.” मेट्रननी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारलाच नाही. पुढे मला समजले की याच गोंधळामुळे अमेरिकेतल्या जॉइंट कमिशन या मानांकन संस्थेने युनिटसाठी हे एकच अक्षर लिहिण्याला २००४ पासून मनाई केली आहे आणि पूर्ण शब्द लिहिण्याचा नियम केला आहे. आजही कुणी चार्टवर तसे लिहिले की मी पेन पुढे करून पूर्ण शब्द लिहून घेते.

त्या रुग्णालयाने मला मेडिसिन वॉर्डात जागा देऊ केली. त्याच आठवड्यात आणखी एका मोठ्या रुग्णालयाकडून थेट आयसीयूमध्ये येण्याविषयी विचारणा झाली. तिथला पगार जास्त होता आणि खरे सांगायचे तर आयसीयू हा शब्द ऐकून मला अभिमान वाटला होता. पण तोपर्यंत मी स्वतःही प्रश्न विचारायला शिकले होते आणि ही गोष्ट मला नव्या मुलींना सर्वांत तळमळीने सांगावीशी वाटते. मुलाखत दोन्ही बाजूंनी असते. नोकरी हवी असलेल्या माणसाला प्रश्न विचारण्याचा संकोच वाटतो हे मी अनुभवले आहे, तरीही पुढचे प्रश्न विचारल्याशिवाय होकार देऊ नये. सुरुवातीचे प्रशिक्षण किती आठवड्यांचे आहे? त्या काळात मी एखाद्या अनुभवी सिस्टरबरोबर असेन की पहिल्या आठवड्यापासून माझे नाव ड्यूटीच्या संख्येत धरले जाईल? रात्रपाळीला एका परिचारिकेकडे किती रुग्ण असतात? रात्री काही अडले तर मी कुणाला हाक मारायची आणि ती व्यक्ती त्याच मजल्यावर असते का?

आयसीयूच्या त्या ठिकाणी उत्तर आले की तीन दिवसांत सगळे समजते, पुढे काम करता करता माणूस शिकतो. लहान रुग्णालयातल्या मेट्रन म्हणाल्या की पहिले दहा आठवडे मी एका ठरावीक सिस्टरबरोबर तिच्याच पाळीत असेन आणि रात्रपाळी त्यानंतर सुरू होईल. मी दुसरे ठिकाण निवडले. कमी पगार स्वीकारल्याबद्दल घरी नाराजी झाली, ती काही महिने टिकली. ज्यांच्यावर घरखर्चाचा भार आहे त्यांना ही निवड सोपी नसते आणि अशा वेळी जास्त पगाराकडे जाणाऱ्या मुलीला मी कधीच दोष देणार नाही. पण तिने तीन दिवसांचे प्रशिक्षण वाढवून मागावे, लेखी मागावे, एवढे तरी मी तिला सांगेन.

‘आधी दोन वर्षे जनरल वॉर्ड करावा, मगच विशेष विभागात जावे’ असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो सल्ला अपुरा वाटतो. उत्तम प्रशिक्षण असलेल्या आयसीयूमध्ये थेट रुजू होऊन उत्तम परिचारिका झालेल्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि पहिल्याच आठवड्यात जनरल वॉर्डात तीस रुग्णांसह एकटी पडून हा पेशाच सोडून गेलेली माझी वर्गमैत्रीणही मी पाहिली आहे. शेजारी कोण उभे आहे यावर पहिले वर्ष ठरते, वॉर्डाच्या नावावर ठरत नाही. रुग्णांच्या संख्येचा प्रश्न तर थेट जिवाशी निगडित आहे. लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांच्या माहितीवर आधारित अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. परिचारिकेमागे एकेक रुग्ण वाढत जातो तशी शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या तीस दिवसांतील मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले होते. म्हणून ‘रात्री किती रुग्ण’ हा प्रश्न विचारणारी उमेदवार कामचुकार समजली जाऊ नये. ती आपल्या हातून होऊ शकणाऱ्या चुकीचा आधीच विचार करते आहे.

आणि पहिले काही महिने कठीण जातातच, कितीही चांगली जागा मिळाली तरी. मार्लीन क्रेमर या अमेरिकी परिचारिका-संशोधिकेने १९७४ मध्येच या अवस्थेला ‘वास्तवाचा धक्का’ असे नाव दिले. सुरुवातीचे काही आठवडे सगळे छान वाटते, नंतर महाविद्यालयात शिकलेली परिचर्या आणि वॉर्डातली घाई यांतली दरी दिसू लागते आणि माणूस मनातून खचतो. हे आपल्या एकटीच्या बाबतीत घडत नाही हे आधी माहीत असले, तर त्या दिवसांत राजीनामा लिहायला घेतलेला हात थोडा थांबतो. माझा थांबला होता.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगते. मूळ प्रमाणपत्रे दाखवावीत, प्रती द्याव्यात, पण मूळ प्रती कुणाच्याही ताब्यात ठेवू नयेत, मग ते कितीही आपुलकीने मागोत. ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार असेल, तर तो घरी आणून, दोनदा वाचून, मध्येच सोडल्यास नेमके काय होईल ते समजून घेऊनच सही करावी. नोकरी लावून देतो म्हणून उमेदवाराकडून पैसे मागणाऱ्या मध्यस्थांपासून दूर राहावे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारात खासगी रोजगार संस्थांनी कामगारांकडून थेट किंवा आडमार्गाने शुल्क घेऊ नये, असे तत्त्व घालून दिलेले आहे. हिपॅटायटिस बी लशीचे तीन डोस सामान्यतः पहिल्या दिवशी, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी दिले जातात. म्हणजे नोकरी लागल्यावर धावपळ करण्यापेक्षा शिकत असतानाच ते पूर्ण करून नोंद जवळ ठेवलेली बरी.

वाट पाहण्याच्या काळात हात विसरत जातात, ही तक्रार मात्र खरी आहे आणि त्यासाठी काहीतरी करावे लागते. मी जीवरक्षक प्राथमिक उपचारांचे प्रशिक्षण पुन्हा घेतले आणि घरी उशीवर सराव केला: मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रौढ व्यक्तीत पाच ते सहा सेंटिमीटर खोल, तीस दाबांनंतर दोन श्वास. रोज एक गणित सोडवले आणि रोज एका औषधाची माहिती स्वतःच्या शब्दांत लिहिली. ज्या वॉर्डात माझी शेवटची पोस्टिंग झाली होती तिथल्या इन्चार्ज सिस्टरना मी फोन केला आणि माझ्या कामाविषयी कुणी विचारले तर तुमचे नाव देऊ का, असे विचारले. त्या लगेच हो म्हणाल्या. पुढे माझ्याविषयी मेट्रननी त्यांनाच विचारले होते. ज्यांनी आपल्याला काम करताना प्रत्यक्ष पाहिले आहे त्यांची साक्ष कोणत्याही टक्केवारीपेक्षा मोलाची असते, आणि ती मागण्याचा संकोच बाळगू नये.

दहा आठवडे संपले आणि अकराव्या आठवड्यात माझी पहिली रात्रपाळी लागली. मला दिलेल्या सहा रुग्णांपैकी एका मावशींना न्यूमोनिया होता. रात्री तीनच्या नोंदी घेताना त्यांचे श्वास मी पूर्ण मिनिटभर मोजले, ते २६ भरले. बारा वाजता २० होते. ताप वाढलेला नव्हता, रक्तदाब ठीक होता, बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ९३ दाखवत होता आणि मावशी म्हणत होत्या, “मला काही होत नाही गं, तू बस जरा.” मी पुन्हा मिनिटभर मोजले. पुन्हा २६.

रात्रपाळीच्या ज्येष्ठ सिस्टर वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होत्या. मी जाऊन त्यांना सांगितले, आणि सांगताना आवाज कापत होता, कारण एका आकड्यासाठी त्यांना हातातले काम सोडायला लावते आहे असे मला वाटत होते. त्या लगेच आल्या. मावशींच्या खाटेची डोक्याकडची बाजू त्यांनी वर केली, त्यांच्या पाठीवर हात ठेवून काही क्षण थांबल्या आणि मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, “बरोबर मोजलंस. आता डॉक्टरांना फोन तू कर. मी इथेच आहे.”

मी फोन उचलला. रुग्णाचे नाव, खाट क्रमांक, बाराचा आकडा, तीनचा आकडा, पार्श्वभूमी हे सगळे क्रमाने सांगितले. तिसऱ्या भागापाशी मी थांबले. सिस्टर माझ्या खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या, त्या काहीच बोलल्या नाहीत. मग मी म्हटले, “डॉक्टर, मला वाटतं त्यांची तब्येत बिघडते आहे. तुम्ही आत्ता येऊन पाहावं.”

ते आठ मिनिटांत आले.